हेवीचा क्लास, पुण्याचं केंद्र की सरळ क्लीनर?

बहिणीचा धाकटा चिपळूणला आयटीआय करून घरी बसलाय. वय एकोणीस. परवा पडवीत सुपारी सोलता सोलता म्हणाला, “मामा, हेवीचा क्लास लावू काय? चौदा हजार सांगितलेत, लायसन्ससकट.”

हेवी म्हणजे ट्रक-ट्रेलरसारख्या जड गाड्यांचं लायसन्स. ते “लायसन्ससकट” ऐकूनच माझं डोकं फिरलं. लर्निंगचे दीडशे, त्याच्या परीक्षेचे पन्नास, ट्रॅकवरच्या टेस्टचे तीनशे आणि जुन्या लायसन्सवर नवा वर्ग चढवायचे पाचशे, अशी सरकारी फी सगळी मिळून हजार रुपये. म्हणजे उरलेले तेरा हजार शिकवण्याचे. मग शिकवणार किती, ते विचारून ये म्हटलं. आला विचारून. वीस दिवस, रोज एक तास, एका गाडीत चार पोरं. म्हणजे याच्या हातात स्टिअरिंग येणार जेमतेम पाच तास, तासाला सव्वीसशे रुपये पडले. तेही सपाट मैदानावर आणि रिकाम्या गाडीवर.

क्लास वाईटच असं म्हणायचं नाही. ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसन्सला ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, लागतो, तो कुणाला चुकत नाही. पण बहुतेक पोरं तो कागदच विकत घेतात आणि आपण ड्रायव्हिंग विकत घेतलं असं समजतात. त्यामुळे फी विचारताना आकड्याच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या एकट्याच्या हातात स्टिअरिंग किती तास, गाडी भरलेली की रिकामी, आणि घाटात नेणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर समजून जा.

दुसरा रस्ता मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा. 2021 साली या केंद्रांचे नियम आले. त्यात हेवीसाठी सहा आठवड्यांत 38 तास ठरवून दिलेत, केंद्रात सिम्युलेटर आणि टेस्टचा ट्रॅक असावा लागतो, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था आहे, ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण तिथेही चालतं. कोकणातल्या पोराला तिथल्या फीपेक्षा राहण्याखाण्याचा खर्च जड जातो, सहा आठवडे कुणा काकाच्या खोलीत पथारी टाकता आली तर गोष्ट वेगळी. शिकवतात मात्र नीट. गाडी सुरू करण्याआधी हवेचा दाब बघायचा, आरसे लावायचे, गाडीभोवती एक फेरी मारायची, हे अंगात भिनतं. माझ्या ओळखीत तिथून शिकून आलेली दोन पोरं आहेत. दोघंही अजून टायर हाताने ठोकून बघितल्याशिवाय निघत नाहीत. आम्ही त्यांना आधी हसायचो.

तिसरा रस्ता फुकटाचा: क्लीनर म्हणून निघायचं. फुकटाचा म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत इतकंच, वर्ष-दोन वर्षं मात्र जातात. ताडपत्री ओढायची, दोर आवळायचा, पंक्चर काढायचं, उस्तादाला, म्हणजे मुख्य ड्रायव्हरला, झोप येऊ नये म्हणून रात्रभर बडबडायचं. पगार नावाला. उस्ताद चांगला भेटला तर त्याच्याशेजारी बसून जे कळतं ते कुठल्या क्लासात कळत नाही. वाईट भेटला तर गुटखा आणि शिव्या शिकून परत यायचं. आणि एक सांगतो, लर्निंग नसताना रात्री रस्ता मोकळा बघून उस्ताद “घे थोडी” म्हणाला तरी घ्यायची नाही. काही झालं तर विम्याची कंपनी हात वर करते, आणि पोलिसांपुढे उस्ताद तुला ओळखतच नाही.

मी या तिसऱ्या रस्त्याने आलो. लायसन्स हातात येऊन तीन महिने झाले असतील. कराडहून साखर भरून कुंभार्ली उतरत होतो, पावसाची झिमझिम सुरू. चढताना आपण दुसऱ्यात चढलो होतो हे विसरून मी चौथ्यात होतो आणि प्रत्येक वळणाला ब्रेकवर पाय. खालून एसटी आली की आणखी दाबायचा. मग वास आला, जळक्या रबरासारखा, पण त्याहून कडवट. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा बघितला तर खाली चाललेला. पेडल पायाखाली होतं, गाडी मात्र ऐकेना. शेजारी उस्ताद बसलेला. ओरडला नाही. म्हणाला, “गिअर खाली घे. आत्ता. एकेक.” तिसरा लागला, दुसरा लागला, इंजिन किंचाळलं आणि गाडी धरली. पुढच्या रुंद जागेवर थांबलो, चाकाला दगड लावला. मी कॅन घेऊन चाकावर पाणी ओतायला निघालो, तर त्याने हात धरला: “तापल्या ड्रमवर पाणी ओतशील तर तडकेल.” पाऊण तास तिथेच बसून राहिलो. शेवटी एकच बोलला, “ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर.” तेरा हजारांत हे कुणी शिकवणार असेल, तर मी आजही फी भरून जाऊन बसेन.

आंबा, फोंडा, करूळ, कुंभार्ली, वरंध, कोकणातून देशावर जायचं तर यातला नाहीतर असाच एखादा घाट लागतोच. कशेडीला बोगदा झाला हे खरं, पण बाकीचे आहेत तिथेच आहेत.

आता हेवी खरंच लागतं का, ते बघा. आंब्याच्या पेट्या वाशीला नेणारा, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावरून मासळी उचलणारा पिकअप, छोटा टेम्पो, या गाड्यांना हेवी लागत नाही. गाडी आणि माल मिळून 7,500 किलोपर्यंत असेल, तर साधं हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. सुप्रीम कोर्टाने 2017 ला तसं सांगितलं आणि नोव्हेंबर 2024 ला घटनापीठाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं. तरी “पिकअप चालवायला बॅज लागतो” म्हणून पैसे घेणारे आहेतच. एक अट मात्र सुटत नाही. मालवाहू गाडीला, छोटी असो की मोठी, वय वीस पूर्ण लागतं.

पिकअपमध्ये माणूस रात्री नाहीतर पहाटे घरी येतो, हा मोठा फायदा. तोटा आपल्या हवामानाचा. एप्रिल-मे आंब्याने डोळ्याला डोळा लागत नाही, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गाडीवर जायचं म्हटलं तरी पावसात खाणीत पाणी भरतं, काम थांबतं. म्हणजे गाडीचा हप्ता बारा महिने आणि धंदा नऊ-दहा महिने. स्वतःची गाडी घेणाऱ्याने हे आधी कागदावर मांडावं. ड्रायव्हर म्हणून लागणाऱ्याने मालकाला विचारावं, पावसाळ्यात पगार देणार की “ये गणपतीनंतर” म्हणणार? गणपतीत तर हायवेवर जड गाड्यांना बंदीच असते, तेव्हा तेही दिवस गेले.

बारा महिने काम हवं तर उरण नाहीतर केमिकल. न्हावाशेवा बंदरावर कंटेनरचे ट्रेलर अखंड चालू असतात. तिथे कस लागतो रिव्हर्सला: मागचं धूड डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे. पहिले पंधरा दिवस डोकं आणि हात यांची भांडणं चालतात. आणि ट्रिपवर पैसे ठरले असतील तर बंदराच्या रांगेत गेलेला वेळ तुझा, मालकाचा नाही. हे बोलून घ्यावं.

लोटे, महाड, रोह्याच्या केमिकल कारखान्यांचे टँकर हा माझ्या मते आपल्या पोरांसाठी सगळ्यात दुर्लक्षित रस्ता. घातक मालासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, त्यासाठी तीन दिवसांचा कोर्स असतो, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावं अशी अट आहे. 2019 पासून हेवीला आठवी पासची अट उरली नाही, पण ही आहे. इथे आयटीआयचं शिक्षण कामाला येतं आणि गर्दीही कमी. ही नोंद तीन वर्षांची असते, नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी कोर्स. धोका उघड आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. टँकरवरच्या पाटीवर काय लिहिलंय ते न वाचता गाडी चालवणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

आखाताचं थोडक्यात. गावातून मस्कत-कुवेतला गेलेले पुष्कळ, म्हणून एजंटही पुष्कळ. नोंदणी असलेल्या एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागितलं तर उठून यायचं. इथलं लायसन्स दाखवून तिथे ट्रक मिळत नाही, तिथलं काढावं लागतं. त्याचा खर्च कोण करणार, ते विमानात बसायच्या आधी लिहून घ्यायचं.

पगाराचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही, मालकागणिक बदलतो. विचारायचं हे: पगार किती, भत्ता किती, दंडाचं चलान कुणाच्या डोक्यावर, माल भिजला तर कापणार का. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदाराला 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय. जुन्या कायद्यात होतं: दिवसाला आठ तास, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. रस्त्यावर हे कितपत पाळायचे ते मला विचारू नका. पण मुलाखतीला कामाच्या तासांचा कायदा माहीत असलेला पोरगा दिसला, तर मालक जरा सावरून बोलतो. गाडी कुठल्या साली बनलेली हेही बघावं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. मे महिन्यात पनवेल ते सावंतवाडी गेलेल्याला त्याची किंमत कळेल.

भाच्याचं लायसन्स गेल्या नोव्हेंबरातलं. हलक्या गाडीचं लायसन्स हातात येऊन वर्ष झाल्याशिवाय हेवीचं लर्निंग मिळत नाही, आणि त्याला वीस पूर्ण होणार फेब्रुवारीत. म्हणजे आत्ता चौदा हजार भरले असते तर ते नुसते पडून राहिले असते. तोवर तो माझ्या ओळखीच्या एका उस्तादाबरोबर कोल्हापूर लाइनला क्लीनर म्हणून जाणार. गाडी आंबा घाटाची, माणूस निर्व्यसनी आणि महातिरसट. फेब्रुवारीनंतर पुण्याचा खर्च निम्मा मी देणार, निम्मा त्याने साठवायचा. बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय पोरगा एसटीत चिकटणार.