स्वस्तातले लिपबाम आणि मेकअप ब्रश: थंडीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

लिपबाम सगळे ₹200 च्या आतले. ब्रश सुटे घेतलेले, एकेक ₹150 ते ₹400 मधला. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा, एप्रिल-मेचं ऊन आणि आता पावसाळा, तिन्ही यांनी बघितलंय. निकाल आधीच सांगायचा तर, लिपबाममध्ये सनस्क्रीनवाला सोडला तर महाग घेण्याचं कारण उरत नाही. ब्रश स्वस्त चालतो, सेट चालत नाही. आणि चांगला ब्रशसुद्धा वापरून मरत नाही, धुताना आणि वाळवताना मरतो.

आधी ओठ. ओठांना तेलग्रंथी जवळपास नसतात आणि त्वचेचा वरचा थर पातळ असतो, म्हणून आतलं पाणी भराभर उडतं. ते अडवणं हे बामचं मुख्य काम. ते सगळ्यात चोख करते साधी पेट्रोलियम जेली, आणि सगळ्यात स्वस्तही तीच. मात्र लावायची पद्धत आहे: झोपताना ओठ पाण्याने ओलसर करायचे, टिपायचे आणि लगेच तांदळाच्या दाण्याएवढी जेली दोन्ही ओठांना पसरायची. कोरड्याठाक ओठांवर थापली तर वरून नुसती चकाकी येते आणि सकाळी सालं तशीच. ‘जेली लावूनही ओठ फुटतात’ या तक्रारीत बहुतेक वेळा हीच गोम असते. दिवसा मात्र जेलीचा कंटाळा येतो. पहिल्या चहाच्या कपाला निम्मी जाते, वाऱ्यावर केस ओठांना चिकटतात आणि उन्हापासून संरक्षण शून्य.

दिवसा म्हणून काडी, म्हणजे फिरवून वर येणारा स्टिक बाम. काडीत मेण असतं, त्यामुळे थर टिकतो. घेताना मागची घटकांची यादी वाचावी. जास्त प्रमाणातला घटक आधी लिहिलेला असतो. सुरुवातीच्या चार-पाच नावांत पेट्रोलॅटम, सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, लॅनोलिन, शिया किंवा कोको बटर दिसलं की काम होतं. वेष्टनावर मोठ्ठं ‘शिया’ आणि यादीत शिया सुगंधाच्या जरा आधी, असा प्रकार असेल तर पैसे चित्राचे दिलेत असं समजायचं. शिवाय बॅच नंबर, वापराची मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक हवाच. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. रस्त्यावरच्या गाड्यावर ₹30 ला मिळणाऱ्या फळांच्या आकाराच्या डब्यांवर यातलं काहीच नसतं. त्या घेऊच नयेत, ओठांवरचं शेवटी पोटातच जातं.

किंमत ग्रॅमवर बघावी. काडी बहुधा 4 ते 4.8 ग्रॅमची असते. ₹150 ला 4.5 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ₹33. ₹60 ची 10 ग्रॅमची ट्यूब ग्रॅमला ₹6 पडते. दिवसातून पाच-सहा वेळा लावलं तर काडी दीड-दोन महिने पुरते, ट्यूब कितीतरी जास्त. ट्यूबचा माल मऊ असल्यामुळे तो लवकर पुसला जातो, हे गृहीत धरूनही ट्यूब स्वस्तच पडते. काडीचा शेवटचा भाग खालच्या कपात अडकून राहतो आणि वर येत नाही. तो फेकू नका, टूथपिकने काढून जुन्या डबीत दाबून भरा.

शिया बटरच्या बामची एक तक्रार हमखास येते: काही महिन्यांनी माल रवाळ होतो. ओठांवर बारीक साखर घासल्यासारखं लागतं, मग ते कण उष्णतेने विरघळतात. माल खराब झालेला नसतो. शियामधल्या वेगवेगळ्या मेदांचे वितळबिंदू वेगळे असतात. बाम उन्हात पातळ होऊन सावकाश गार झाला की कठीण मेद आधी गोठतात आणि त्यांचे मोठे स्फटिक बनतात. डबीतला बाम असेल तर इलाज सोपा आहे. डबी गरम पाण्याच्या वाटीत ठेवून पूर्ण वितळवायची, एकही कण दिसता कामा नये, आणि लगेच फ्रीजरमध्ये 15 मिनिटं. झटकन गार झालं की स्फटिक मोठे व्हायला वेळच मिळत नाही. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका. बाममध्ये पाणी नसतं म्हणूनच तो टिकतो. वास खवट आला तर मात्र तो टाकायचाच, वितळवून उपयोग नाही.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, कार्नोबा मेण 80 च्या वर, पण शिया-कोको बटर शरीराच्या उष्णतेच्या आसपासच पाघळतं. नागपूर-अकोल्याकडे मेमध्ये बाहेरच 44-45 अंश असतात, मग स्कूटरच्या डिकीत काय होत असेल! बटर जास्त आणि मेण कमी अशी काडी तिथे टोपणातच वितळते आणि नंतर वाकडी गोठते. असं झालं की काडी फिरवायची नाही. उभी ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये, मगच उघडायची. मऊ असताना फिरवली तर मेणाची कांडी कपातून सुटते आणि पुढे वर-खाली होत नाही. काडीवर दवासारखे तेलाचे थेंब दिसले तर घाबरू नका, तापमान खालीवर झाल्याने तेल बाहेर येतं, बोटाने पुसून घ्या.

मेंथॉल, कापूर, दालचिनी किंवा पेपरमिंटवाल्या बामची झिणझिणी अनेकांना आवडते. ‘असर होतोय’ असं वाटतं. प्रत्यक्षात फुटलेल्या ओठांना त्याने आणखी चुरचुर होते, पुन्हा कोरडं वाटतं, पुन्हा लावलं जातं. गोड चवीच्या बामचा त्रास निराळा: जीभ सारखी ओठांवर जाते, लाळ वाळताना ओठ आणखी कोरडे पडतात. लहान मुलांच्या ओठांभोवती लाल कडं दिसतं ते बहुधा यातूनच. मुलांसाठी बिनवासाचा, बिनचवीचा बाम घ्या. बोरिक अॅसिड असलेली अँटिसेप्टिक क्रीमं ओठांना लावायची सवय घरोघरी आहे, पण ती बाहेरच्या त्वचेसाठी असतात. दिवसभर चाटून पोटात जाण्यासाठी नाहीत. पंधरा दिवस नीट काळजी घेऊनही ओठ फुटतच राहिले, किंवा कोपरे चिरले, तर बाम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

रंगीत बाममध्ये ‘प्रत्येकीचा स्वतःचा गुलाबी’ म्हणून विकले जाणारे प्रकार असतात. काडी पांढरी, पारदर्शक किंवा हिरवी, ओठांवर गुलाबी. जादू वगैरे काही नाही. सीआय 45380 किंवा सीआय 45410 (घटकांच्या यादीत रंग अशा ठरावीक क्रमांकाने लिहितात) हे रंग त्यात असतात आणि ओठांवरच्या ओलाव्याने, आम्ल-अल्कली फरकाने ते रंग धरतात. गव्हाळ-सावळ्या ओठांवर तो बहुतेकींना एकाच जातीचा गडद गुलाबी दिसतो. बाम पुसला तरी रंगाचा डाग राहतो आणि साल निघालेल्या जागी जास्त गडद बसतो. ओठांना खाज आली किंवा कडा काळवंडायला लागल्या तर आधी हाच बाम बंद करून बघा. ‘काळे ओठ गुलाबी’ करणाऱ्या बामबद्दल लिहिण्यासारखं काही हाती लागलं नाही.

सनस्क्रीनचा बाम मात्र थोडा महाग पडला तरी घ्यावा. खालचा ओठ उन्हाला सरळ सामोरा असतो. एसपीएफ 15 हे किमान, 30 असेल तर बरं, आणि जाड थर लावायचा. दर दोन तासांनी आणि खाल्ल्यावर पुन्हा. काहींची चव कडवट लागते, झिंक ऑक्साइडवाल्यांनी ओठ पांढरट दिसतात. त्यावर रंगीत बामचा एक हात मारला की झालं.

कोकणातल्यांना हे सगळं वाचून हसू येईल, कारण कोकमच्या बियांच्या तेलाचा गोळा, मुठेल, घरात असतोच. साधारण 38 ते 42 अंशांना वितळतो, म्हणून ओठांवर थेट घासला तर जड जातो. बोटावर चोळून मऊ करून लावायचा. चिकटपणा फार कमी. घरी बाम करायचा तर 20 ग्रॅमसाठी 3 ग्रॅम मधमाश्यांचं मेण, 5 ग्रॅम कोकम तेल आणि 12 ग्रॅम एरंडेल व बदाम तेल मिळून. दुहेरी भांड्यात आधी मेण वितळवायचं, मग बाकीचं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यासाठी मेण 4 ग्रॅम करा आणि तेल 11. एवढंच.

आता ब्रश. ₹300-400 ला 24 ब्रशचा सेट ऑनलाइन दिसतो तो सोडून द्या. त्यातले पाच-सहा कामाचे, बाकी एकाच ब्रशची भावंडं. त्याच पैशात तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत सुटे ब्रश हातात घेऊन बघता येतात. रोजच्या मेकअपला चार पुरतात: फाउंडेशनसाठी सपाट डोक्याचा दाट ब्रश, पावडरसाठी मोठा फुगीर, डोळ्यांसाठी एक मऊ ब्लेंडिंगचा, आणि भुवया-लायनरसाठी तिरका. ब्लशला पावडरचाच चालतो, रंग झटकून घेतला की.

दुकानात बघायच्या गोष्टी अशा. केस बोटांनी फाकवून मुळाशी बघा. मधोमध पोकळी दिसली तर बाहेरून दाट दिसणारा तो ब्रश गालावर चपटा होतो. मनगटाच्या आतल्या बाजूला टोकं दाबून गोल फिरवा. टोचलं तर केस कात्रीने कापून आकार दिलेला आहे, टोकं निमुळती नाहीत. डोळ्यांसाठी असा ब्रश नकोच. ओल्या पांढऱ्या टिश्यूवर घासा, रंग उतरला तर घेऊ नका. धातूची नळी, फेरूल, दांड्यावर हलते का बघा. नळीवर दाबाच्या दोन रेघा असतील तर पकड एका रेघेपेक्षा चांगली. पाच-सात वेळा हलकं ओढल्यावर एक-दोन केस निघाले तर हरकत नाही, पहिल्या दोन-तीन धुण्यांतही निघतात. त्यानंतरही झुपके निघत असतील तर आतला गोंद सुटलाय. केस कृत्रिम घ्या, नायलॉन किंवा टॅक्लॉन. क्रीम आणि लिक्विड ते शोषून घेत नाहीत, लवकर वाळतात. बकरीच्या केसांचे ब्रश पावडरला छान, पण स्वस्तातल्यांना ओले झाले की वास येतो आणि आपल्या दमट हवेत तो जात नाही.

धुणं. फाउंडेशनचा आणि डोळ्यांचा आठवड्याला, पावडरचा पंधरवड्याला. पाणी कोमट, कढत नाही. केस खालच्या दिशेला धरून फक्त टोकाकडचा भाग ओला करा, नळीच्या तोंडाशी पाणी चढता कामा नये. तिथे आत गोंद आणि लाकूड असतं. लाकूड फुगतं, वाळून आकसतं आणि नळी ढिली होते. हातावर बेबी शॅम्पूचे दोन-तीन थेंब घेऊन गोल फिरवा. वॉटरप्रूफ फाउंडेशन शॅम्पूने निघत नाही. त्याला आधी खोबरेल तेलाचे चार थेंब तळव्यावर घेऊन ब्रश फिरवा, मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. दाबून बघितल्यावर मधूनही पाणी स्वच्छ आलं पाहिजे. दाट ब्रश वरून स्वच्छ आणि मध्ये बेज रंगाचा गाळ, हे नेहमीचं.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरू नका. साबण आणि पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर केसांवर बसतो आणि ब्रश धुतल्यावर आणखी राठ होतो. झालाच असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात फक्त केस दोन मिनिटं बुडवा आणि साध्या पाण्याने काढा. फरक लगेच हाताला कळतो.

मग नॅपकिनमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका, बोटांनी आकार द्या. ब्रश टेबलाच्या कडेवर आडवा ठेवा, केस कडेच्या बाहेर, म्हणजे खालून-वरून हवा लागते. ओला ब्रश ग्लासात उभा ठेवला की पाणी सरळ गोंदात उतरतं. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत. उन्हाळ्यात पावडरचा ब्रश रात्रीत वाळतो. मुंबई-कोकणच्या जुलैत फाउंडेशनचा दाट ब्रश दुसऱ्या दिवशीही मुळाशी गार लागतो. गार लागला म्हणजे ओला आहे. पंख्याखाली ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय पाऊचमध्ये घालू नका, नाहीतर कुबट वास आणि मग काळे ठिपके. ठिपके दिसले की ब्रश टाकायचा. दोन ब्रश आलटून पालटून वापरणं पावसाळ्यात सोयीचं.

घाईत 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल टिश्यूवर फवारून त्यावर ब्रश पुसला तर चालतं. बुडवून ठेवलं तर गोंद सैल पडतो. फेरूल ढिली झाली असेल तर ब्रश फेकण्याआधी दांडा बाहेर ओढा, दोन्ही बाजू कोरड्या करून दोन भागांचा इपॉक्सी गोंद, आराल्डाइटसारखा, पातळ लावा आणि 24 तास उभा ठेवा, केस वर. ही दुरुस्ती टिकते. केसच गळत असतील तर दुरुस्ती नाही.

डबीतला बाम बोटाने घेण्यापेक्षा छोट्या लिपब्रशने घ्यावा, म्हणजे नखांतली घाण आत जात नाही. लिपस्टिकच्या दहा मिनिटं आधी बाम लावून टिश्यूने टिपला की रंग सरकत नाही. ओठांवर ताप फुटला असेल तर त्या दिवसांतली काडी सरळ टाका, डबीतला बाम कोणाशी वाटून घेऊ नका, आणि दुकानातला टेस्टर ओठांऐवजी हातावर बघा. लिपब्रश पाण्याआधी तेलात फिरवून पुसायचा, मग शॅम्पू. टोपणाचा, आत सरकणारा घेतला तर धुतल्यावर टोपण रात्रभर उघडं ठेवा.