बर्डीवरचं जुन्या पुस्तकांचं दुकान, खेळाच्या इतिहासवाल्यांनी जायलाच हवं

नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीत) जुन्या पुस्तकांचं एक छोटं दुकान आहे, तिथं मागच्या रॅकमध्ये खेळाच्या इतिहासाची इंग्रजी पुस्तकं मिळतात. मला ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसवरचं, म्हणजे इंग्लंडच्या या दोन विद्यापीठांच्या वल्ह्याच्या बोटींच्या शर्यतीवरचं मिळालं अन् खरंच सोनं हाती लागलं भाऊ! १२ मार्च १८२९ ला केंब्रिजनं ऑक्सफर्डला रीतसर पत्र लिहून सामन्याचं आव्हान दिलं, मग १० जूनला थेम्स नदीवरच्या हेन्लीला रेस झाली, सुरुवातीलाच बोटी एकमेकींना भिडल्या म्हणून पुन्हा सोडल्या, अन् शेवटी ऑक्सफर्ड जिंकलं. पुढं रिवाजच पडला, हरलेल्यानं जिंकलेल्याला आव्हान द्यायचं. किती सुंदर पद्धत आहे ही, चुरस कट्टर पण कागद पक्का! १८७७ ला तर निकाल बरोबरीचा लागला, वाद झाला, कारण फिनिशला नीट खांबच नव्हते, ते नंतर लावले.

दुकानवाले काका भाव फार ताणत नाहीत, पण बाइंडिंग तपासून घ्या, माझ्या पुस्तकाची काही पानं सुटली होती. उजेड कमी आहे, टॉर्च लावा. कॉलेजात स्पोर्ट्स बघणाऱ्या पोरांनी तर नक्की जा.