फोटोग्राफी क्लबचं सभासदत्व : वर्षभराचा अनुभव, आणि वार्षिक सभेबद्दल थोडं जास्त

फोटोग्राफी क्लबात नाव घालावं का, असं कुणी विचारलं की बहुतेक जण सहली, कार्यशाळा आणि स्पर्धांची यादी पुढे करतात. मला सभासद होऊन आता वर्ष होत आलंय आणि माझं उत्तर वेगळं आहे. क्लब कसा आहे हे कळून घ्यायचं असेल तर त्याच्या वार्षिक सभेला जा, कामकाज संपेपर्यंत बसा आणि नंतरचे सभासदांचे स्लाइड शो शेवटपर्यंत बघा. वर्षभर पडद्यावर काय दिसणार, कसं दिसणार आणि कुणाचं दिसणार, हे सगळं तिथेच ठरतं. म्हणून इथे मी त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते आहे, बाकीच्या महिन्यांबद्दल थोडक्यात.

बाकीचं आधी उरकते. मासिक बैठका चांगल्या असतात, पण त्यांची प्रत परीक्षकावर अवलंबून. काही परीक्षक फोटोत नेमकं काय अडतंय ते दाखवतात, काही फक्त क्षितिज सरळ आहे का एवढंच बघतात. सहलींत सोबत मिळते, फोटो मात्र सगळ्यांचे सारखेच येतात, कारण सगळे एकाच जागी उभे असतात. क्लबची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो घेण्याची) आणि ट्रायपॉड आळीपाळीने वापरायला मिळतात, ही सोय खरोखर उपयोगी आहे. एवढ्यासाठीसुद्धा वर्गणी भरणं योग्यच, पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

आता स्लाइड शो. फोनवर फोटो किती वेळ दिसणार हे बघणाऱ्याच्या अंगठ्यावर असतं. अंधाऱ्या सभागृहात ते शो करणाऱ्याच्या हातात येतं. कुठला फोटो आधी, कुठला नंतर, कुठे थांबायचं, कुठे पटकन पुढे जायचं. आमच्याकडे प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात. एक फोटो दहा सेकंद ठेवला तर साठ फोटो बसतात, आणि माझ्या मते साठसुद्धा जास्तच आहेत. ज्यांचे शो लक्षात राहिले त्यांनी कमी फोटो आणले होते आणि प्रत्येकाला वेगवेगळा वेळ दिला होता. गर्दीच्या फोटोत डोळ्याला फिरायला जागा असते, तो बारा-पंधरा सेकंद टिकतो. एकाच पक्ष्याचा नेटका फोटो पाच सेकंदांत बघून होतो, पुढे तो नुसता पडद्यावर उभा राहतो.

क्रम लावण्याचं जे शिक्षण मला या शोंमधून मिळालं ते कुठल्या कार्यशाळेत मिळालं नाही. अंधारात डोळे सरावलेले असतात. रात्रीच्या फोटोवरून एकदम बर्फाच्या पांढऱ्या उतारावर गेलात तर पहिले दोन-तीन सेकंद लोक फोटो बघत नाहीत, डोळे बारीक करतात. मध्ये एक मध्यम उजेडाचा फोटो हवा. एकातून दुसरा फोटो उमलवत नेता, तेव्हा काही क्षण पडद्यावर दोन्ही फोटो एकावर एक असतात आणि त्यांचं मिळून एक तिसरंच चित्र तयार होतं. जाणकार सभासद ते तिसरं चित्रही जुळवतात. पहिल्या फोटोतली नदीची कड दुसऱ्यातल्या रस्त्याच्या रेषेवर आणून बसवतात. प्रेक्षकाला हे कळत नाही, त्याला फक्त शो सलग वाटतो. पूर्वी यासाठी दोन प्रोजेक्टर शेजारी ठेवून एकाचा दिवा मंद करत दुसऱ्याचा वाढवत. आता हे काम सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे प्रत्येक फोटोला वेगळी करामत लावायचा मोह होतो. तो टाळावा. फिरत येणारे आणि उडत जाणारे फोटो मला एकदाही आवडले नाहीत.

संगीताबद्दल माझं मत ठाम आहे. शब्द असलेलं गाणं लावलं की लोक गाणं ऐकतात. या वर्षीचा सर्वांत चांगला शो एका काकूंचा होता. त्यांनी संगीत घेतलंच नाही, स्वतःच्या आवाजात चार-पाच वाक्यं ध्वनिमुद्रित केली आणि उरलेला वेळ सभागृह शांत ठेवलं. विषय त्यांच्या सासऱ्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाचा. फोटोंत एकही माणूस नव्हता, तरी शो संपल्यावर लोक त्या माणसाबद्दल विचारत होते.

पडद्यावरचं तंत्र नव्या सभासदांना कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवं. आमचा प्रोजेक्टर १९२० × १०८० पिक्सेलचा आहे. ३:२ प्रमाणातला आडवा फोटो त्यावर १६२० × १०८० एवढा दिसतो, तोच उभा धरलात तर ७२० × १०८०. म्हणजे उभ्या फोटोचं क्षेत्रफळ आडव्याच्या निम्म्याहूनही कमी. फोटो वाईट नसतो, त्याला पडदाच कमी मिळालेला असतो. जुन्या स्लाइडच्या काळी हा अन्याय नव्हता. ३५ मिलिमीटर फिल्मची स्लाइड ५० × ५० मिलिमीटरच्या चौकोनी चौकटीत बसे, पडदाही चौरस असे, उभा आणि आडवा फोटो सारख्याच आकाराचे दिसत.

रंगांचंही तसंच. फोटो एसआरजीबी रंगावकाशात, म्हणजे पडद्यांसाठी रूढ असलेल्या रंगांच्या पल्ल्यात द्या. अ‍ॅडोबी आरजीबीत रंगांचा पल्ला मोठा असतो हे खरं, पण रंगव्यवस्थापन नसलेल्या, म्हणजे फाइलचा रंगावकाश ओळखून रंग जुळवून न घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो दाखवला की हिरवे-लाल रंग फिके पडतात आणि दोष प्रोजेक्टरला दिला जातो. दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचं काळं म्हणजे उजेड न पडलेला पडदा. दाराच्या फटीतून जेवढा प्रकाश आत येतो तेवढं तुमचं काळं करडं होतं आणि सावलीतले तपशील त्यात बुडतात. आमच्याकडे एका सभासदाकडे फक्त खिडक्यांचे पडदे आणि दारं सांभाळायचं काम असतं. ते काम हलकं समजू नये.

सभेच्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी जुन्या पारदर्शिकांच्या, म्हणजे फिल्मच्या स्लाइडच्या सत्राला होती. एक ज्येष्ठ सभासद आपला गोल ट्रे असलेला प्रोजेक्टर घेऊन आले होते. त्या ट्रेमध्ये ऐंशी स्लाइड मावतात आणि त्यांच्या म्हणण्यानुसार ही मर्यादाच त्यांची संपादक होती. कोडॅकने असे प्रोजेक्टर बनवणं २००४ मध्ये थांबवलं, त्यामुळे आता जे आहेत ते जपूनच वापरावे लागतात. स्लाइड लावताना प्रतिमा उलटी, डोकं खाली करून घालावी लागते. दिव्याची उष्णता लागली की फिल्म किंचित फुगते आणि फोकस डोळ्यांदेखत सरकतो. काचेच्या चौकटीत ती सपाट राहते, पण मग काच आणि फिल्म जिथे चिकटतात तिथे इंद्रधनुषी वलयं उठू शकतात. हे सगळं त्यांनी सांगत सांगत, हाताने फोकस सावरत दाखवलं.

त्यांच्याकडच्या बऱ्याच स्लाइड कोडाक्रोमच्या होत्या. लिओपोल्ड गोडाउस्की आणि लिओपोल्ड मॅनेस या दोन संगीतकारांनी घडवलेली ही फिल्म १९३५ मध्ये बाजारात आली आणि २००९ मध्ये बंद झाली. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्सची, तिनेही २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं. अंधारात ठेवली तर कोडाक्रोम फार वर्षं रंग टिकवते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात तिचे रंग इतर स्लाइड फिल्मपेक्षा लवकर उडतात. म्हणून त्यांनी मोजक्याच मूळ स्लाइड दाखवल्या आणि बाकीच्या स्कॅन करून डिजिटल प्रोजेक्टरवर लावल्या. पाठोपाठ दोन्ही बघितल्यावर मूळ स्लाइडच्या लाल रंगाची खोली वेगळी कळते. स्कॅनमध्ये ती पूर्ण उतरलेली मी अजून पाहिली नाही.

कामकाजाच्या भागात निम्मे लोक बाहेर गप्पा मारत उभे असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इतिवृत्त वाचन आणि जमाखर्चाला मंजुरी हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण याच जमाखर्चात प्रोजेक्टरच्या दिव्याचा खर्च असतो. दिवा अजून पेटतोय, मग बदलायचा कशाला, असा मुद्दा एकाने मांडला. उत्पादक दिव्याचं जे आयुष्य सांगतात ते साधारणपणे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं असतं. दिवा विझत नाही, फोटो मात्र महिन्यागणिक काळवंडत जातात आणि परीक्षक सभासदाला सांगतात, एक्स्पोजर कमी पडलं. खजिनदारांनी हे नीट समजावलं, मग दिव्याचा ठराव मताला आला आणि मंजूर झाला. त्या दिवशी झालेला सर्वांत महत्त्वाचा फोटोग्राफीचा निर्णय माझ्या लेखी हाच.

दुसरी चर्चा निसर्ग विभागाच्या नियमांची. पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका), एफआयएपी (आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघ) आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तीन संस्थांनी २०१४ मध्ये निसर्ग छायाचित्राची एक सामाईक व्याख्या ठरवली. फोटोत नसलेलं काही घालायचं नाही, कातरण्याखेरीज असलेलं काही काढायचं नाही. आमच्या क्लबने ती स्वीकारावी का, यावर बराच वेळ गेला. फांदी पुसली तर काय बिघडलं, असं म्हणणारेही प्रामाणिक होते. माझं मत नियमाच्या बाजूने पडलं. फांदी पुसायची असेल तर दुसरा विभाग आहे. संगणकाने निर्माण केलेली चित्रं कुठल्याच विभागात नकोत, यावर मात्र फारशी चर्चा लागली नाही.

असे वाद वेळकाढू आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी क्लबांचा इतिहास बघावा. ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीशी मतभेद झाले म्हणून छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सन बाहेर पडले आणि १८९२ मध्ये त्यांनी सोबत्यांसह लिंक्ड रिंग हा गट काढला. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबचं नियतकालिक चालवत होते. तिथे खटके उडाले आणि १९०२ मध्ये फोटो-सेसेशन हा त्यांचा वेगळा गट उभा राहिला. फोटो कला आहे का, भिंतीवर कुणाचा लागावा, हे प्रश्न क्लबांच्या बैठकांत भांडूनच पुढे गेले आहेत.

तक्रारी आहेत. दहा मिनिटांचा नियम जुन्या सभासदांसाठी सैल होतो आणि शेवटी नाव असलेल्या नव्यांचे शो घाईत उरकले जातात. एका मुलीचा शो मध्येच तोडला, हे मला अजिबात पटलं नाही. घंटा सगळ्यांसाठी सारखीच वाजायला हवी. निवडणुकीत बहुतेक पदांना एकच अर्ज येतो, म्हणजे निवड होते पण निवडणूक होत नाही. ध्वनियंत्रणेची चाचणी सभेच्या दिवशी न करता आदल्या दिवशी व्हायला हवी. या तिन्ही गोष्टी मी सचिवांना लेखी दिल्या आहेत. पहिली कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे.

हा क्लब कुणासाठी? फोटोला झटपट दाद हवी असेल तर तुमचं इथे मन रमणार नाही. पण आपला फोटो मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, त्यांचा श्वास ऐकत बघायचा असेल तर जरूर या. पहिल्या वर्षी वीस फोटोंचा शो करा, जास्त नको. फाइली आठवडाभर आधी द्या आणि रिकाम्या सभागृहात एकदा लावून बघा. मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे आणि प्रोजेक्टर व पडदे सांभाळणाऱ्या गटात नाव दिलं आहे.