डिजिटल सातबारा: पहिला प्लॉट घेताना 15 रुपयांत काय कळतं, काय नाही

नवी नोकरी लागली की तालुक्याबाहेरच्या लेआउटमधला 1500 चौ. फुटांचा प्लॉट तेवढा आवाक्यात असतो. इसार देण्याआधी महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढावा. एका उताऱ्याला 15 रुपये. ओटीपीने आत जा, खात्यात पैसे भरा, मग जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर.

घोळ होतो तो गावाच्या नावात. आपल्याकडे विदर्भात एकाच नावाचा मौजा (महसुली गाव) आणि त्याचीच (रिठी), म्हणजे वस्ती नसलेलं गाव, अशा दोन नोंदी सापडतात. चुकीची निवडली तर भलत्याच वावराचा उतारा हाती येतो. विकणाऱ्याकडून मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा (सर्व्हे) नंबर लिहूनच घ्या, आणि भूलेख साइटवरचा बिनसहीचा फुकट उतारा आधी पाहा.

मालकाच्या नावाआधी भूधारणा पद्धती, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे, ते वाचा. ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर विक्रीसाठी सरकारी परवानगीचं लफडं आलंच. जुन्या कागदात ‘भूमिधारी’ दिसलं, तर तो विदर्भ मध्य प्रदेशात असतानाचा शब्द. तोही वर्ग 2च. मग ‘इतर हक्क’चा रकाना. पीककर्ज फिटलं तरी बोजा उतरवायला पटवाऱ्याकडे जायचा कंटाळा केलेला असतो. अशा वेळी बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला विकणाऱ्यानेच आणावा आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नोंदीतला बदल, आधी करून द्यावा. प्रलंबित फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी साइटवर दिसतात; हरकतीसाठी 15 दिवस असतात.

खरी मेख क्षेत्रात. 1 आर म्हणजे 100 चौ. मी., सुमारे 1076 चौ. फूट, 1500 फुटांचा प्लॉट 1.39 आर भरतो. उताऱ्यावर 0.81 हेक्टरचं अख्खं वावर आणि वीस जणांची नावं दिसली, तर विकला जातोय तो प्लॉट नव्हे, सामायिक हिस्सा. पुढे तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा कायदा) आडवी येऊ शकते, बँकही कर्ज देत नाही. “एनए होऊनच जाते भाऊ” या वाक्याला काडीची किंमत नाही. अकृषक (एनए, म्हणजे बिगरशेती वापराचा) आदेश आणि मंजूर नकाशा मागा. 500 चौ. मी.पेक्षा मोठ्या जागेवर नवा लेआउट पाडला असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा) नोंदणी नंबरही.

गावठाणातल्या जुन्या घराला ही सेवा कामाची नाही, तिथे सातबाराच नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात, पण ती घरटॅक्सची आकारणी आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागावी.

हद्द, ताबा आणि रस्ता यांचा निकाल उतारा लावत नाही. त्याला मोजणीच हवी. आणि माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. साध्या पायावरच्या भिंती तिरप्या तडकू शकतात. मुरूम किती फुटांवर लागतो त्यावर पायाचा खर्च ठरतो, म्हणून खड्डा इसाराआधीच खणून पाहा.