क्रेझी चार्ली: दिसायला काहीच नाही, पण बोनफिश सोडत नाही

बोनफिशसाठी, म्हणजे उथळ समुद्रात गळाने पकडतात त्या माशासाठी, एकच फ्लाय (हुकावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) न्यायची तर कुठली असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून क्रेझी चार्ली सांगतो. रबराच्या पायांचे, केशरी अंड्यांचे नवे नवे पॅटर्न येतच असतात, चांगलेही असतात, पण उथळ पाण्यात हिची सर नाही.

१९७७ मध्ये बॉब नॉहाइमने बहामाजमधल्या अँड्रॉस बेटावर ही बांधली, सोबतचा गाइड चार्ली स्मिथ, त्याच्यावरून नाव. हुकावर चकचकीत टिन्सल म्हणजे जरीसारखी पट्टी, त्यावर पारदर्शक नायलॉनचे वेढे, थोडीशी पिसं किंवा केस आणि डोळ्यांच्या जागी साखळीचे दोन मणी, संपलं. हातात घेतली तर वाटतं ह्याला कोण मासा फसणार!

पण खरी गंमत त्या मण्यांत आहे. ते अशा बाजूला बांधतात की वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते, हुकाचं टोक वर येतं आणि केस त्याच्यावर पडतात, त्यामुळे तळाला खेटून ओढली तरी सारखी गवतात अडकत बसत नाही. लाइन ओढली की टुणकन वर उठते, थांबलात की नाक खाली करून वाळूवर बसते, अगदी पळून जाणाऱ्या कोळंबीसारखी, आणि बोनफिश तर तोंड खाली घालून तळच उकरत असतो, शेपटी पाण्याबाहेर.

घेताना रंगाच्या आधी वजन बघा प्लीज. पोटरीभर पाण्यात साखळीचे हलके मणीच हवेत, तिथे शिशाच्या डोळ्यांची टाकली की डुबुक आवाज होतो आणि अख्खा थवा गायब. कमरेएवढं पाणी किंवा जोराचा करंट असेल तर मात्र शिशाचीच, नाहीतर तळापर्यंत पोचतच नाही. साइज ४ ते ८, बिथरलेल्या माशांना लहान. रंग तळासारखा, म्हणजे पांढऱ्या वाळूवर पांढरी नाहीतर फिकट गुलाबी, गवतावर तपकिरी.

तक्रार आहे ती रेडीमेड मिळणाऱ्यांबद्दल. केसांचा एवढा झुपका लावतात की फ्लाय बुडायलाच तयार नसते, आडवी होऊन गिरक्या घेते, मी सरळ कात्री घेऊन निम्मे केस उडवतो. ऑनलाइन मागवलेल्या एका पॅकमधले हुक तर खाऱ्या पाण्यातून काढल्यावर लगेच गंजले, त्यामुळे हुक स्टेनलेस आहे का हे विचारूनच घ्या. शक्य असेल तर घरीच बांधा, बांधायला ह्याहून सोपी फ्लाय क्वचितच असेल.

अजून एक, माशाने फ्लाय तोंडात घेतली की ट्राउट मासा पकडताना उचलतात तसा रॉड वर उचलू नका, लाइनच हाताने लांब ओढायची, म्हणजे चुकला तरी फ्लाय त्याच्या समोरच राहते आणि बरेचदा तो परत येऊन घेतो.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला कारण पर्मिट नावाच्या माशासाठी ही फारशी कामाची नाही, त्याला खेकडा लागतो, त्याच्यासाठी मर्किन ही खेकड्यासारखी फ्लाय बघा.