तिन हाऊ मंदिर, सॅन फ्रान्सिस्को : सगळ्यात वरच्या मजल्यावरची दर्याची आई

लेकीकडे ओकलंडला येऊन महिना झाला. पूल, बागा, मॉल, सगळं दाखवून झालं तिचं. मला विचाराल तर सॅन फ्रान्सिस्कोत आधी चायनाटाउनमधल्या वेव्हर्ली प्लेस गल्लीत जा, १२५ नंबरला. खालून बघितलं तर देऊळ आहे असं वाटणारही नाही. मान वर केली की रंगवलेल्या गॅलऱ्या दिसतात. तिथे अगदी वरच्या मजल्यावर तिन हाऊ बसली आहे, चिनी दर्यावर्द्यांची आई. तिला माझूही म्हणतात.

लिफ्ट नाही. जिने अरुंद आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी प्रत्येक मजल्यावर दम खावा. मी तेच केलं. कार्ल्याला एकवीरा आईच्या पायऱ्या चढणाऱ्याला यात काही अवघड नाही.

वर गेलं की उदबत्तीचा वास, छताला दाटीवाटीने लाल-सोनेरी कंदील, त्यांना लोंबणाऱ्या लाल चिठ्ठ्या, आणि देवीपुढे संत्र्यांचे ढीग. एक आजी गुडघ्यावर बसून बांबूच्या नळ्यातल्या काड्या खुळखुळवत होत्या, एक काडी खाली पडेपर्यंत. मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडे देवीला कौल लावतात, तेच हे.

माझूची गोष्ट लेकीने तिथेच हळू आवाजात सांगितली. फूजियान प्रांतातल्या मेइझोऊ बेटावरची ही कोळ्याची पोर, दहाव्या शतकातली. बाप-भाऊ वादळात सापडले तेव्हा ही घरी डोळे मिटून बसली आणि मनानेच त्यांना वाचवायला दर्यात गेली. तिचे दोन सेवक आहेत. एकाला हजार कोसांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेलं सगळं ऐकू येतं. मी वर्सोव्याची. २००९ साली फयान वादळ आलं तेव्हा आमचे हे होडी घेऊन बाहेर होते. किनाऱ्यावर उभ्या बाईला पावसापलीकडे काही दिसत नाही, वाऱ्यापलीकडे काही ऐकू येत नाही. हे दोन सेवक देवीला कुणी दिले असतील ते मला बरोबर कळलं. घरी वाट बघणाऱ्या बायकांनीच.

सोन्याच्या शोधात ग्वांगडोंगहून माणसं जहाजांतून इथे आली आणि १८५२ च्या सुमारास त्यांनी हे देऊळ उभं केलं असं सांगतात. एवढा पॅसिफिक जिवंत ओलांडल्यावर पहिला नमस्कार तिलाच. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली, ती १९४३ पर्यंत. त्यात १९०६ चा भूकंप आणि आग, जुनी वास्तू गेली. आताची इमारत १९११ ची. मध्ये देऊळ बरीच वर्षं बंद होतं, १९७५ ला पुन्हा उघडलं. गल्लीला मात्र चिनी लोक तिन हाऊ देवळाची गल्लीच म्हणत आले.

आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझ्यापुढच्या एका पाहुण्याने तरी मोबाइल उचललाच. कुणी हात जोडून बसलेलं असताना असं करू नये. तिकीट नाही, पेटीत जमेल ते टाका. दर्शन झालं की गॅलरीत थोडा वेळ उभे राहा.

मी स्टॉकटन स्ट्रीटवरून संत्री घेऊन गेले होते. पुढच्या वेळी नारळ नेणार आहे, चालेल का ते आधी विचारून.