बेअर रूट सफरचंदाची कलमं: जानेवारीतल्या लागवडीचा ऑक्टोबरमधला हिशेब

हा अनुभव एचआरएमएन-९९, अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन या तीन जातींच्या, हिमाचलमधून आलेल्या उघड्या मुळांच्या कलमांचा आहे. जमीन मध्यम काळी, खाली मुरूम. लागवड जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. फळाबद्दल बोलायला अजून दोन हंगाम तरी लागतील, त्यामुळे इथे विषय फक्त रोप जगवण्याचा.

जातींबद्दल थोडक्यात. नेहमीच्या डोंगराळ सफरचंदाला ७ अंशांखालच्या थंडीचे हजाराच्या आसपास तास लागतात, ते आपल्या पठारावर मिळत नाहीत. म्हणून कमी थंडीवर भागणाऱ्या जातीच घ्याव्या लागतात. एचआरएमएन-९९ बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी शोधून वाढवली; २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अ‍ॅना इस्रायलची, डॉर्सेट गोल्डन बहामाजमधली. अ‍ॅनाला परागीकरणासाठी सोबत लागते, म्हणून तिच्याशेजारी डॉर्सेट गोल्डन हवीच.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. मुळांभोवतीचं शेवाळ किंवा ओला कपडा दमट असायला हवा. आमच्या एका गठ्ठ्यात तो कोरडा ठणठणीत निघाला, आणि सगळ्यात जास्त मर त्याच गठ्ठ्यात झाली. खोडाची साल नखाने किंचित खरवडली की खाली ओलसर हिरवं दिसलं पाहिजे. मूळ वाकवलं तर वाकायला हवं, मोडायला नको. टोक छाटल्यावर आत पांढरट-पिवळसर दिसायला हवं. खुंटाच्या (ज्यावर कलम बांधलेलं असतं त्या खालच्या रोपाच्या) मानेजवळ किंवा मुळांवर खडबडीत गाठी असतील तर ते कलम लावूच नका. त्या गाठी जिवाणूमुळे होतात आणि तो जिवाणू जमिनीत ठाण मांडून बसतो.

लावण्याआधी मुळं साध्या पाण्यात चार ते सहा तास बुडवून ठेवा. रात्रभरापेक्षा जास्त नको, पाण्यात मुळांनाही हवा मिळत नाही. मोडकी टोकं धारदार कात्रीने साफ छाटा, पण धाग्यासारखी बारीक मुळं जपा. मग ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), ताजी माती आणि पाणी यांचा पातळ काला करून त्यात मुळं बुडवा. आधी बुरशीनाशकात बुडवून लगेच ट्रायकोडर्मा लावणं म्हणजे पैसे वाया, दोन्हींपैकी एकच. खड्डे तयार नसतील तर कलमं सावलीत ओल्या वाळूच्या चरात तिरपी पुरून ठेवा. आठ-दहा दिवस तशी नीट राहतात.

खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, महिनाभर आधी खणून उन्हात तापवलेला. भरताना वरची माती, १० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. कच्चं शेण टाकलं की वाळवी आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण. रासायनिक खत खड्ड्यात अजिबात नको, उघडी मुळं करपतात. काळ्या जमिनीत आणखी एक धोका असतो: आतली माती भुसभुशीत आणि भोवतालची घट्ट असली की खड्ड्याचा हौद होतो. म्हणून आम्ही खड्डा भरून वर एक फुटाचा उंचवटा केला आणि कलम त्यावर लावलं. हा खटाटोप जुलैत वसूल झाला.

उंचवट्यावर मुळांपुरता खड्डा घेऊन त्यात मध्यभागी मातीचा छोटा शंकू करा, त्यावर कलम ठेवून मुळं छत्रीच्या काड्यांसारखी चहूबाजूंना पसरा. लांब मूळ कोंबून वळवू नका, खड्डा वाढवा. कलमाचा सांधा जमिनीपासून चार ते सहा इंच वर राहिलाच पाहिजे. माती बसल्यावर कलमही खाली सरकतं, तेवढं धरून थोडं उंचच लावा. माती दाबून १५ लिटर पाणी सावकाश ओता, म्हणजे मुळांजवळच्या पोकळ्या भरतात. मग शेंडा अडीच फुटांवर, निरोगी डोळ्याच्या वर तिरका छाटा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर). काठीचा आधार त्याच दिवशी द्या. वाऱ्याने रोप हललं की नुकतीच फुटलेली पांढरी मुळी तुटते.

आता ज्यामुळे सगळ्यात जास्त कलमं जातात ती गोष्ट. फेब्रुवारीत डोळे फुगतात, पोपटी पानं येतात आणि रोप लागलं असं वाटतं. ते लागलेलं नसतं. ही पहिली पालवी खोडात साठलेल्या अन्नावर येते. खाली पांढरी मुळी सुटली असेलच असं नाही. पानं बघून लोक रोज पाणी घालायला लागतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात, आणि मार्चच्या पहिल्या उन्हात हिरवं रोप दोन दिवसांत मान टाकतं. मग पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी! असं मेलेलं रोप उपटून बघा: मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल मोज्यासारखी सुटून येते, हातात तारेसारखा गाभा उरतो आणि आंबूस वास येतो. हे तहानेने मेलेलं रोप नाही.

म्हणून लागवडीनंतर आठवडाभर थांबा. बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार इंच खोलीची माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन तळहात ओला झाला तर पाणी नको. गोळा बोटाने टोचल्यावर फुटला तर ५ लिटर द्या. नवी फूट वीतभर वाढून पुढेही वाढतच राहिली, तरच मुळी चालली समजा. त्यानंतर पाणी वाढवा. एप्रिल-मेमध्ये ठिबकचे दोन ड्रिपर बुंध्यापासून फूटभर लांब आणि आळ्यात चार इंच उसाच्या पाचटाचं आच्छादन, खोडापासून चार बोटं सोडून. खोडाला चुना लावा. पश्चिमेच्या बाजूने ५० टक्के शेडनेट उभी केली तर दुपारचं ऊन निभावतं. चारही बाजूंनी झाकलेली रोपं मात्र लांबट आणि लेचीपेची झाली.

पहिल्या वर्षी फुलं आली तर खुडून टाका. जीव कासावीस होतो, पण खुडाच. सांध्याखालून येणारे फुटवे कोवळे असतानाच ओरबाडून काढा. ते खुंटाचे असतात आणि वरच्या कलमाची उपासमार करतात.

वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे रात्री पानांची चाळण करतात. बॅटरी घेऊन झाड हलवायचं, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. पाच-सहा रात्री हे केलं की पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याशी पाणी साचलं तर मानेजवळची साल तपकिरी होऊन कुजते. उंचवट्यावरच्या रोपांना हा त्रास जवळपास झाला नाही, सपाटीवर लावलेल्यांना झाला.

ऑक्टोबरअखेरीस चांगल्या रोपांची नवी फूट तीन फुटांच्या पुढे आहे. पिशवीतल्या कलमांपेक्षा ही सुरुवातीला मागे होती, पण पिशवीतल्यांची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतात, यांची सरळ खाली गेली आहेत. वाहतूकही हलकी आणि स्वस्त. फेब्रुवारीनंतर मात्र बेअर रूट कलमं फुकट मिळाली तरी घेऊ नका. मुळी सुटायच्या आत उन्हाळा गाठतो.

मेलेल्या जागी पुन्हा लावायचं असेल तर जुनी मुळं वेचून काढून खड्डे आत्ताच उघडे करा आणि कलमांची मागणी डिसेंबरअखेर पोचेल अशी नोंदवा.